आकाशातील वाकड्या रेघा

दोरी गुंडाळून भोवरा जमिनीवर सोडला की प्रारंभी तो आपल्या आरेवर इतका नीट उभा राहतो की, फिरतो आहे की स्तब्ध आहे हे कळू नये. थोड्या वेळाने त्याचे डोके डुलू लागते. त्याची मूळची गिरकी चालूच असते. परंतु ज्या आसाभोवती ती चालली आहे तो आसच आता कलतो आणि सावकाश एक वर्तुळ रेखाटू लागतो. एका गतीच्या पोटात दुसरी गती. पहिली जलद, दुसरी मंद. या दुसऱ्या गतीला शास्त्रीय परिभाषेत 'परांचन' असे नाव आहे. या महिन्याच्या सदरात आम्ही परांचनाविषयीच लिहिणार आहोत. मात्र आमचा भोवरा अंगणातला नाही. तो कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर आहे आणि तो स्वतः मुळीच दिसत नाही.

आपली पृथ्वी हाही एक भोवराच आहे. ती चोवीस तासांत स्वतःभोवती फिरते, आणि तिचा आस सुमारे २६,००० वर्षांत आकाशात एक फेरी पुरी करतो. ही दुसरी गती एका माणसाच्या आयुष्यात नजरेस पडणे अशक्यप्राय. तरीही दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी शेकडो वर्षे ती मनुष्याने ओळखली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कस नावाच्या ग्रीक ज्योतिर्विदाने कन्या राशीतील चित्रा ताऱ्याचे शरद्‌संपातापासूनचे अंतर काढले आणि सुमारे दीडशे वर्षांपूर्वी टिमोकॅरिस याने काढलेल्या अंतराशी ते ताडून पाहिले. दोहोंत सुमारे दोन अंशांचा फरक आला. जुन्या माणसाची चूक झाली असेल, असे म्हणून तो विषय मिटवणे सोपे होते. हिपार्कसने जुन्या नोंदीवर विश्वास ठेवला आणि त्यातून संपातबिंदूच सरकत असल्याचे अनुमान काढले. चित्रा ताऱ्याची ही हकीकत वाचकांनी मनात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

आपल्या घरांत या गतीची खूण दरवर्षी तिळगुळाबरोबर येते. सूर्य मकर राशीत प्रवेश करतो तो दिवस आपली पंचांगे ताऱ्यांच्या आधाराने ठरवितात, तर इंग्रजी दिनदर्शिका ऋतुचक्राशी बांधलेली आहे. त्यामुळे संक्रांतीची तारीख सुमारे सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच दिवशी येत. आज उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेस सुरू होते आणि संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'ओरायन' या ग्रंथात याच गतीच्या आधारे वेदकाळ ठरविण्याचा यत्न केला. बागलकोट येथे शिक्षक असलेल्या वेंकटेश बापूजी केतकरांनी पंचांगाच्या शुद्ध गणितासाठी चित्रा ताऱ्याचाच आधार धरला. म्हणजे परांचन हा शब्द अपरिचित वाटला तरी ही वस्तू मराठी वाचकाला परकी नाही.

आता दूरच्या भोवऱ्याकडे वळू. डोळ्यांना दिसणारा प्रकाश आणि आपल्या घरातील रेडिओ ज्या ग्रहण करतो त्या लहरी, या एकाच जातीच्या आहेत. भेद केवळ तरंगलांबीचा. विसाव्या शतकाच्या मध्यास खगोलशास्त्रज्ञ रेडिओलहरी टिपणाऱ्या दुर्बिणींनी आकाश न्याहाळू लागले, तेव्हा काही ठिकाणांहून अतिशय प्रबळ लहरी येत असल्याचे आढळले. हंस तारकासमूहातील असे एक ठिकाण 'सिग्नस ए' या नावाने प्रसिद्ध आहे. १९५३ साली इंग्लंडमधील जॉड्रेल बँक वेधशाळेत रॉजर जेनिसन आणि कोलकात्याचे मृणालकुमार दासगुप्त यांनी त्याचा बारकाईने वेध घेतला, तेव्हा चकित करणारी गोष्ट उघड झाली. लहरी एका जागेहून येत नव्हत्या. त्यांचे दोन मोठे पुंजके होते. पुढे त्या दोहोंच्या मधोमध एक अंधूक दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, असल्याचे निश्चित झाले. ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्या दोन पुंजक्यांचा एकंदर पसारा चार लाख प्रकाशवर्षांहून अधिक आहे. आपली आकाशगंगा ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे एक लाख प्रकाशवर्षांची, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पसाऱ्याची कल्पना येईल. अशा दीर्घिकांना 'रेडिओ दीर्घिका' म्हणतात.

मधल्या दीर्घिकेतून इतक्या दूरवर ऊर्जा जाते कशी? याचे उत्तर एका जुन्या छायाचित्रात अगोदरच येऊन बसले होते. १९१८ साली अमेरिकेतील लिक वेधशाळेचे हेबर कर्टिस यांनी शेकडो तेजोमेघांची वर्णने प्रसिद्ध केली. कन्या राशीतील एम ८७ या वस्तूपाशी त्यांना एक विलक्षण सरळ किरण मध्यापासून निघालेला दिसला आणि तो त्यांनी नोंदवून ठेवला. त्याचा अर्थ त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हता. आज आपण जाणतो की, तो किरण म्हणजे दीर्घिकेच्या केंद्रातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर पडणारा द्रव्याचा झोत आहे. असे झोत बहुधा दोन असतात आणि ते परस्परविरुद्ध दिशांना निघतात. वाटेतील विरळ वायूला ते भेदत जातात आणि जेथे त्यांचा जोर ओसरतो तेथे ते पुंजके साठतात. त्यातील इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओलहरी सोडतात.

या झोतांच्या मुळाशी महाकाय कृष्णविवर असते. एम ८७ मधील कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे साडेसहा अब्ज सूर्यांइतके आहे. पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांतील रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून घेतलेली त्याच्या सावलीची प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी जगापुढे आली. तांबूस-पिवळ्या कड्याचे ते चित्र अनेक वाचकांनी वृत्तपत्रांत पाहिलेही असेल. कृष्णविवराकडे खेचला जाणारा वायू थेट आत पडत नाही. नहाणीतील पाणी मोरीच्या भोकाशी गरगरावे तसा तो भोवती फिरत राहतो आणि त्याची एक तबकडी बनते. ही तबकडी आणि स्वतः गरगरणारे कृष्णविवर यांच्या गतीने चुंबकीय बलरेषा पिळल्या जातात आणि तबकडीच्या दोन्ही अंगांना, तिच्याशी काटकोनात, झोत फेकले जातात. फिरत्या कृष्णविवराची ऊर्जा चुंबकीय क्षेत्रामार्फत बाहेर काढता येते, हे १९७७ साली रॉजर ब्लँडफर्ड आणि रोमन झ्नायेक यांनी गणिताने दाखवून दिले.

यावरून अपेक्षा अशी की, झोत नेहमी सरळ असावा. फिरणारी वस्तू आपली दिशा सहसा सोडत नाही. चालती सायकल तोल सांभाळते आणि उभी केली की पडते, त्यातही या गुणाचा वाटा आहे. मग कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचा भोवरा आपली दिशा किती घट्ट धरून ठेवील! आणि खरोखरच पुष्कळ झोत लाखो प्रकाशवर्षे फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ जातात. परंतु सर्वच तसे नाहीत. काही वाकतात, काही नागमोडी होतात, काही तर फुलीसारखे दिसतात. आमच्या या लेखाचा खरा विषय या वाकड्या रेघा हाच आहे. आणि त्यांच्यापुढे उभा राहणारा प्रश्न एकच आहे. हा वाकडेपणा उगमातला, की वाटेतला?

वाटेतला वाकडेपणा समजण्यास सोपा. वाफेच्या इंजिनाचा काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना धावत्या गाडीचा धूर आठवत असेल. इंजिन धूर सरळ वर सोडते, पण गाडी पुढे जात असल्याने धूर मागे रेलतो. दीर्घिका मोठ्या समूहांत राहतात आणि त्या समूहांत तप्त, विरळ वायू भरलेला असतो. त्या वायूतून एखादी दीर्घिका वेगाने चालली म्हणजे तिचे दोन्ही झोत वाऱ्याने मागे लोटले जातात. ययाती तारकासमूहातील दीर्घिकागुच्छात एनजीसी १२६५ नावाची अशी एक दीर्घिका आहे. ती गुच्छाच्या मानाने सेकंदाला दोन हजार किलोमीटरांहून अधिक वेगाने धावते आणि तिचे दोन्ही झोत धनुष्याच्या टोकांसारखे एकाच बाजूस वळले आहेत. येथे कृष्णविवराचा दोष काही नाही. त्याने झोत सरळच सोडले, वाऱ्याने ते वाकविले.

उगमातील वाकडेपणा निराळा. बागेतील झाडांना रबरी नळीने पाणी घालताना हात इकडून तिकडे डुलविला म्हणजे पाण्याची धार हवेत नागमोडी दिसते. वास्तविक पाण्याचा प्रत्येक थेंब नळीतून सुटल्यावर आपल्या वाटेने नीट पुढेच जातो. वाकडा थेंब नसतो. धार वाकडी दिसते, कारण निरनिराळे थेंब निरनिराळ्या क्षणी आणि निरनिराळ्या दिशांना सुटलेले असतात. त्या धारेचे छायाचित्र घेतले तर हाताचा गेल्या काही क्षणांचा सगळा इतिहास तिच्यात सापडेल. नळीपाशी आत्ताचा क्षण, आणि जितके दूर जावे तितका जुना क्षण. कृष्णविवराचा झोत असाच डुलला तर आकाशात मळसूत्रासारखी रेघ उमटते, आणि दूरवरून आपल्याला तिची नागमोडी छाया दिसते.

या दोहोंतील भेद ओळखण्याची एक सुंदर कसोटी आहे आणि ती घरातील शाळकरी मुलेही कागदावर करून पाहू शकतील. कागदाच्या मध्यावर एक टिंब काढावे. त्यातून दोन बाजूंना दोन रेघा काढाव्या आणि दोन्ही वरच्या अंगास वळवाव्या. हे धनुष्य झाले. दुसऱ्या कागदावर उजवी रेघ वर वळवावी आणि डावी खाली. ही आकृती इंग्रजी 'एस' अक्षराच्या जातीची झाली. आता दोन्ही कागद उलटे धरावे, म्हणजे वरचा काठ खाली आणावा. धनुष्य पालथे होईल. दुसरी आकृती मात्र होती तशीच दिसेल. कारण उघड आहे. वारा दोन्ही झोतांना एकाच बाजूस ढकलतो. पण मधला आसच कलला तर त्याचे एक टोक वर जाताना दुसरे खालीच गेले पाहिजे. म्हणून दोन्ही भुजा एकाच दिशेस वळल्या असतील तर कारण बाहेर शोधावे, आणि परस्परविरुद्ध वळल्या असतील तर कारण प्रथम उगमाशी शोधावे. एकाच भुजेकडे पाहून निर्णय करू नये. वर्गात एखाद्या मुलाचे वागणे बिघडले म्हणजे शिक्षकाने हीच रीत पाळावी, असे आम्हांला इतक्या वर्षांच्या अनुभवावरून वाटते. पण तो विषय निराळा.

वासुकी तारकासमूहातील 'हायड्रा ए' ही रेडिओ दीर्घिका उगमातील वाकडेपणाचे चांगले उदाहरण आहे. तिचे दोन्ही झोत केंद्रापासून थोडे सरळ जातात आणि मग परस्परविरुद्ध अंगांना वळतात. संगणकावर तिची प्रतिकृती उभी केली असता, झोताचा आस सुमारे दहा लाख वर्षांत एक फेरी घेतो असे धरले तर ते रूप जुळते, असे संशोधकांना आढळले. अशी दीर्घिका एकटी-दुकटी नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रबळ रेडिओ दीर्घिकांपैकी ३३ निवडून त्यांचे नकाशे तपासण्यात आले. त्यांतील २४ मध्ये परांचनाचा सबळ पुरावा दिसला. आपली पूर्वपरिचित 'सिग्नस ए' त्यांत आहे.

येथपर्यंत वर्गात सांगून झाले की एखादा चौकस विद्यार्थी हमखास उभा राहतो. "सर, भोवरा डुलतो ते आम्हांला दिसते. दहा लाख वर्षांचे डुलणे कोणी पाहिले?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला उडवून लावणे हा विज्ञानाचा अपमान ठरेल. कोणीही ते पाहिलेले नाही. ते एका स्थिर चित्रावरून वाचले आहे. झाडाच्या बुंध्यातील वलये मोजून त्याचे वय सांगावे तसे. परंतु वाचलेले खरे की खोटे, हे पडताळण्यासाठी एखादा असा भोवरा हवा की, ज्याचे डुलणे माणसाच्या आयुष्यात पुरे होते. सुदैवाने असे दोन भोवरे सापडले आहेत.

पहिला भोवरा आपल्याच आकाशगंगेत, गरुड तारकासमूहात, सुमारे १८,००० प्रकाशवर्षांवर आहे. त्याचे नाव एसएस ४३३. तेथे एक साधा तारा आणि एक संहत वस्तू एकमेकांभोवती फिरतात, आणि त्या संहत वस्तूपाशी दोन झोत निघतात. त्यांतील द्रव्याचा वेग प्रकाशाच्या सुमारे चतुर्थांश आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या प्रकाशातील रेषा मागेपुढे सरकताना दिसल्या, आणि झोताचा आस सुमारे १६२ दिवसांत एक फेरी घेतो, हे त्यावरून निश्चित झाले. त्यानंतर रेडिओ दुर्बिणींनी त्याचे चित्र घेतले, तेव्हा अपेक्षेप्रमाणे मळसूत्राचीच आकृती हाती आली. येथे डुलणे आणि वाकडी रेघ, दोन्ही एकत्र दिसली. नळीचा दृष्टान्त निव्वळ कल्पना नाही, हे त्यामुळे सिद्ध झाले.

दुसरा भोवरा म्हणजे कर्टिसच्या सरळ किरणाची ती एम ८७ दीर्घिका. तिच्या झोताच्या मुळाचे सूक्ष्म वेध २००० सालापासून घेतले जात होते. आशियातील आणि इतर खंडांतील दुर्बिणींनी २०२२ पर्यंत घेतलेले सुमारे १७० वेध युझू त्सुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र मांडले. झोताचे मूळ डावी-उजवीकडे डुलते आणि सुमारे ११ वर्षांत आपल्या जागी परत येते, असे त्यांना दिसून आले. झोताचा आस मधल्या दिशेपासून केवळ सव्वा अंशाच्या आसपास कललेला आहे. हा निष्कर्ष सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जो किरण विलक्षण सरळ म्हणून नोंदला गेला होता, तोही मुळाशी डुलतो आहे! २३ वर्षांच्या नोंदींत ११ वर्षांची दोनच आवर्तने बसतात. म्हणून तिसऱ्या आवर्तनाची वाट पाहणे हेच शहाणपणाचे. वेध चालू ठेवले म्हणजे काळच त्याची साक्ष देईल.

पण एवढ्या प्रचंड भोवऱ्याला डुलवितो कोण? याचे उत्तर पुन्हा १९१८ सालातच दडलेले आहे. कर्टिस आपली वर्णने अमेरिकेत छापत होते त्याच वर्षी, महायुद्धात विरुद्ध पक्षास असलेल्या ऑस्ट्रियात, योसेफ लेन्स आणि हान्स थिरिंग यांनी आइन्स्टाइनच्या सिद्धान्तावरून एक निष्कर्ष काढला. फिरणारी जड वस्तू आपल्या भोवतीचे अवकाशही किंचित ओढून फिरविते, असा तो निष्कर्ष. लाडवांच्या घट्ट पाकात पळी गोल फिरवली म्हणजे पळीला न चिकटलेला पाकही तिच्याबरोबर सरकतो, त्यातलाच हा प्रकार. पृथ्वीभोवती हा परिणाम अतिसूक्ष्म आहे. तो मोजण्यासाठी २००४ साली 'ग्रॅव्हिटी प्रोब बी' नावाचा उपग्रह सोडण्यात आला. त्यातील अत्यंत गोल गोळ्यांचे आस वर्षाला एका विकलेच्या सुमारे ३७ सहस्रांशांइतके सरकले, असे २०११ साली जाहीर झाले. सिद्धान्ताने ३९ सांगितले होते. मोजमापातील संभाव्य त्रुटी धरता दोन्ही जुळतात. कृष्णविवराजवळ मात्र ही ओढ जबरदस्त असते. तबकडी कृष्णविवराच्या आसाशी तिरकी असेल तर ओढल्या जाणाऱ्या अवकाशाबरोबर तिची पातळी डुलू लागते, आणि तिच्याबरोबर झोतही डुलतो. म्हणून एम ८७ मधील डुलणे खरे असेल तर त्याचा अर्थ मोठा आहे. ज्यातून प्रकाशही सुटत नाही, अशा वस्तूवर बोट ठेवून ती गरगर फिरते आहे असे आपण म्हणू शकतो.

दुसरे एक कारणही संभवते. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या म्हणजे त्यांची दोन कृष्णविवरे जवळ येतात आणि जोडीने फिरू लागतात. अशा जोडीतील एकाचा झोतही डुलेल. आणि ती दोन्ही एक झाली तर आसाची दिशा एकाएकी बदलून जुन्या झोतावर नवा झोत तिरका उमटेल, म्हणजे फुलीची आकृती दिसेल. येथे मात्र घाई करणाऱ्यास आकाश कसे अडविते, ते पाहण्यासारखे आहे. मीन राशीतील एनजीसी ३२६ ही रेडिओ दीर्घिका १९७८ साली डुलणाऱ्या झोताचे उदाहरण म्हणून पुढे आली. तिच्या मध्यभागी दोन दीर्घिका अगदी जवळ आहेत. त्यामुळे पुढे तिच्या फुलीच्या आकृतीचा संबंध कृष्णविवरांच्या मीलनाशीही जोडला गेला. चाळीस वर्षांनी, २०१९ साली, युरोपातील 'लोफार' या लांब तरंगांच्या दुर्बिणीने तिचे नवे चित्र दिले. झोतांचे जे पंख पूर्वी तुटक दिसत होते ते फार दूरवर पसरलेल्या एका मोठ्या गुंतागुंतीच्या रचनेत सलग मिसळत असल्याचे दिसले. तो सगळा पसारा आस वळल्याने झाला, हे पटण्याजोगे नव्हते. दीर्घिकांचे समूह एकमेकांवर आदळताना वायूच्या प्रवाहांनी तो घडविला, हे अधिक संभवनीय ठरले. पाठोपाठ २०२० साली दक्षिण आफ्रिकेतील 'मीरकॅट' दुर्बिणीने सुमारे ८० कोटी प्रकाशवर्षांवरील आणखी एका फुलीची उकल केली. तेथे झोताचे द्रव्य टोकाशी जाऊन उलट फिरते आणि दीर्घिकेच्या वायूवर आपटून बाजूंना वळते, म्हणून फुली दिसते. झोत एकच, वळण वाटेतले.

ही चर्चा केवळ आकृत्यांच्या हौसेची आहे, असे कोणी समजू नये. विश्वात महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या किती, हा आजच्या खगोलशास्त्राचा मोठा प्रश्न आहे. जून २०२३ मध्ये जगातील अनेक संशोधक-गटांनी एकाच वेळी जाहीर केले की, स्पंदक ताऱ्यांच्या नियमित टिकटिकीत अतिशय मंद गुरुत्वलहरींची खूण आढळते. आणि अशा लहरी बहुधा त्या जोड्यांपासूनच निघत असाव्या. त्या गटांत एक भारतीय-जपानी गट होता आणि त्याने वापरलेली दुर्बीण पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडद येथे आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९०च्या दशकात उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. लांब तरंगांच्या रेडिओलहरी टिपण्यात तिचा हातखंडा आहे. झोतातील जुने, थकलेले इलेक्ट्रॉन अशाच लहरींत अधिक काळ दिसत राहतात. म्हणून पाण्याच्या धारेचे सर्वांत जुने थेंब वाचावयाचे असतील तर अशी दुर्बीणच हवी. नातेवाइकांकडे जाताना पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्या आमच्या वाचकांना या भागातून जाण्याचा योग अनेकदा येत असेल. पुढील वेळी नारायणगाव आले म्हणजे मुलांना एवढे अवश्य सांगावे. वाकड्या रेघांना परस्पर 'जोडी' असा शिक्का मारला तर जोड्यांची संख्या फुगेल; प्रत्येक वळण वाऱ्यावर ढकलले तर ती घटेल. हिशेब खरा हवा असेल तर एकेक रेघ, दोन्ही भुजांसह, जुन्या टोकापर्यंत वाचली पाहिजे. त्याला दुसरा मार्ग नाही.

वैशाखातील एखाद्या निरभ्र रात्री घरच्या मंडळींना गच्चीवर घेऊन जावे आणि चित्रा तारा शोधावा. तो ठळक आणि निळसर पांढरा आहे. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की आधी नारिंगी स्वाती आणि मग चित्रा सापडते. पश्चिमेस सिंहाच्या शेपटीशी उत्तरा तारा आहे. त्या उत्तरेपासून कन्येतील चित्रेच्या उत्तरेस असलेल्या विंडेमिएट्रिक्स या ताऱ्यापर्यंत मनाने रेघ ओढली तर तिच्या साधारण मध्यावर, साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर, एम ८७ आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसणार नाही. परंतु ज्या कन्या राशीत एका ताऱ्याच्या दीडशे वर्षांच्या नोंदीवरून पृथ्वीच्या आसाचे डुलणे कळले, त्याच राशीत तेवीस वर्षांच्या नोंदींवरून एका कृष्णविवराच्या झोताचे डुलणे कळून आले आहे. टिमोकॅरिसला आपली नोंद कोणाच्या उपयोगी पडेल हे ठाऊक नव्हते. कर्टिसला किरणाचा अर्थ ठाऊक नव्हता. दोघांनी दिसले तेवढे नेटके लिहून ठेवले, आणि उरलेले काम मागून येणाऱ्यांवर सोपविले.